निवृत्ती, दिनक्रम आणि चार वाजताचे वाल

नेरळहून मुंबईला नोकरीसाठी जाणाऱ्या माणसाचे आयुष्य घड्याळापेक्षा गाडीच्या वेळेवर चालते. पहाटे चारला उठायचे, अंधारात स्थानक गाठायचे, पावणेदोन-दोन तास प्रवास करायचा आणि संध्याकाळी तितकाच वेळ खर्च करून परत यायचे. माझ्या दवाखान्यात ही मंडळी बहुधा रविवारी येतात, कारण इतर दिवशी त्यांना आजारी पडायलाही सवड नसते. म्हणूनच काही वर्षांपूर्वी असे एक गृहस्थ मंगळवारी सकाळी अकरा वाजता पत्नीसह माझ्यासमोर येऊन बसले, तेव्हा मला प्रथम चमत्कारिक वाटले ते त्या वेळेचे. मग कळले, तीनच महिन्यांपूर्वी ते सेवानिवृत्त झाले होते.

तक्रारी अनेक होत्या. छातीत धडधड, पोट साफ नाही, अन्नावर वासना नाही, झोप तुटक. रक्तदाब किंचित वाढलेला. हृदयाचा आलेख, साखर, थायरॉइड, हिमोग्लोबिन हे सारे मी क्रमाने तपासून घेतले आणि सारे ठीक निघाले. "तुम्हाला काही झालेले नाही," असे मी त्यांना सांगितले. डॉक्टरांच्या तोंडी असलेल्या निरर्थक वाक्यांत या वाक्याचा क्रमांक बराच वर लागेल. त्यांच्या पत्नीने मला वाटेवर आणले. त्या म्हणाल्या, "अहो डॉक्टर, यांना पहाटे चारला जाग येते. आंघोळ करतात, इस्त्रीचे कपडे घालतात आणि खुर्चीत बसून राहतात. कुठे जायचं ते त्यांना सुचत नाही, आणि घरात यांचं काय करायचं ते मला सुचत नाही."

गृहस्थ ओशाळून हसले. पुढे बोलता बोलता त्यांनी सांगितले की, गाडीतल्या भजनी मंडळात ते टाळ धरीत असत. चौतीस वर्षांच्या प्रवासात डब्यातल्या माणसांशी जेवढे बोलणे झाले, तेवढे घरातल्यांशीही झाले नव्हते. कार्यालयाने शाल-श्रीफळ देऊन निरोप दिला होता. पण त्यांना चुकचुकत होते ते कार्यालयासाठी नव्हे, तर डब्यातल्या त्या दीड हात जागेसाठी. ती त्यांच्यासाठी कोणीतरी रोज राखून ठेवीत असे.

आपल्या शरीरालाही अशी राखून ठेवलेली वेळ लागते. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांकडून येणारे मज्जातंतू जेथे एकमेकांना छेदतात त्याच्या किंचित वर, पेशींचा एक इवलासा पुंजका आहे. तेच आपले मुख्य घड्याळ. झोप, शरीराचे तापमान, अनेक अंतःस्राव यांचे दिवसभराचे चढउतार त्याच्या तालावर होतात. या घड्याळाची पेशींमधील यंत्रणा उलगडून दाखविणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रोसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या घड्याळाला रोज चावी द्यावी लागते. ती देतो मुख्यतः सकाळचा प्रकाश, आणि त्याच्या जोडीला जेवणाच्या व हालचालींच्या ठरलेल्या वेळा. वय वाढले की हा ताल मुळातच थोडा मंद होतो. डोळ्यांतील भिंगे पिवळसर होऊ लागल्याने प्रकाशही कमी पोहोचतो. अशा वयात जर माणूस दिवसभर अंधाऱ्या खोलीत आडवा होऊ लागला, कधी अकराला तर कधी दोनला जेवू लागला, तर घड्याळाची चावीच उतरते. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात सूत्रस्थानाचा दुसराच अध्याय दिनचर्येचा आहे. मी एम.बी.बी.एस.च्या वाटेने आलेला माणूस. तरी रोगांच्या आधी दिवसाचा विचार करणाऱ्या त्या ग्रंथकर्त्याचे मला नेहमी कौतुक वाटते.

हे सगळे मला त्या गृहस्थांना पाहून सुचले असे म्हटले, तर ते खरे होणार नाही. मला ते त्याआधीच ठाऊक होते, आणि फार महाग किंमत देऊन ठाऊक झाले होते.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, प्राथमिक शाळेत शिक्षक होते. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले आणि त्यानंतर दहा वर्षे त्यांची प्रकृती उत्तम राहिली. आमचे घर तेव्हा जुन्या वस्तीत होते. पहाटे उठून किटली घेऊन ते गवळ्याकडे दुधाला जात. येताना वर्तमानपत्र आणीत आणि शेजारच्या, मोतीबिंदूने नजर गेलेल्या एका आजोबांना ते वाचून दाखवीत. रविवारी भिंतीवरच्या घड्याळाला चावी देत. संध्याकाळी रुळांच्या कडेने माथेरानच्या गाडीचे इंजिन दिसेपर्यंत चालत जाऊन परत येत. यातले एकही काम महत्त्वाचे नव्हते. निदान मला तसे वाटत होते.

माझी प्रॅक्टिस बरी चालू लागल्यावर मी दवाखान्याजवळ, दुसऱ्या मजल्यावर प्रशस्त जागा घेतली. अण्णांसाठी स्वतंत्र खोली, खोलीला लागून शौचालय, नवा दूरदर्शन संच. दूध दारात येऊ लागले, वर्तमानपत्रही दारात. भिंतीवर सेलवर चालणारे घड्याळ आले. "अण्णा, फार केलंत आजवर. आता फक्त आराम करा," असे मी त्यांना अभिमानाने म्हणालो. मुलाच्या तोंडचे हे वाक्य घरोघरी ऐकू येते आणि त्यामागची माया खरी असते, यात शंका नाही.

सहा महिन्यांत अण्णा अबोल झाले. दुपारी तीन-तीन तास झोपू लागले आणि रात्री येरझारा घालू लागले. आईची झोप मोडू लागली, तिचा रक्तदाब वाढला. तेव्हा मी मुलगा म्हणून काय करायला हवे होते ते केले नाही. डॉक्टर म्हणून जे सोपे होते ते केले. झोपेची गोळी लिहून दिली. म्हातारपणी यकृताचे आणि मूत्रपिंडांचे काम मंदावलेले असते, त्यामुळे अशा गोळ्यांचा अंमल शरीरात रेंगाळतो आणि तोल जातो, हे मी पुस्तकात वाचलेले होते, परीक्षेत लिहिलेले होते. २००४ च्या जानेवारीत एका रात्री अण्णा लघवीला उठले आणि खोलीला लागून असलेल्या त्याच शौचालयाच्या उंबऱ्यापाशी पडले. खुब्याचे हाड मोडले.

शस्त्रक्रिया चांगली झाली. पण दोन महिन्यांनंतरही त्यांना वॉकर धरून चार पावले चालायला लावणे म्हणजे युद्ध होते. "कुठे जायचंय मला?" असे ते विचारीत. या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण जाण्याची सगळी ठिकाणे मीच बंद करून टाकली होती.

उत्तर माझ्या पत्नीने शोधले, आणि तेही शोधायचे म्हणून नव्हे. आमच्या भागात भात कापून झाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. कर्जत-नेरळच्या कडव्या वालांचे बिरडे ही आमच्याकडची नेहमीची भाजी; खाणाऱ्याला रुचकर आणि करणारीला छळणारी. वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाण्याचे साल काढायचे. डाळिंबी मोडता कामा नये. एके दिवशी दुपारी चार वाजता घरात पाहुणे येणार म्हणून तिची धावपळ चालली होती. तिने वालांचे पातेले अण्णांच्या पुढ्यात ठेवले आणि म्हणाली, "अण्णा, एवढे सोलून देता का? मला हात नाही." माझ्या कपाळावर आठी पडली. आजारी माणसाला काम! पण अण्णांनी बाह्या सरसावल्या.

दुसऱ्या दिवशी चार वाजता त्यांनी विचारले, "आज काय सोलायचंय?"

तेव्हापासून चार वाजता अण्णा वॉकर धरून खोलीतून स्वयंपाकघराशेजारच्या गॅलरीत जाऊ लागले. वीस पावले असतील. फिजिओथेरपीच्या सूचनांनी जी पडली नव्हती, ती वालांसाठी पडली. वाल नसले तर मटार, लसूण, चिंच. चारला उठायचे म्हणून दुपारची झोप आपोआप आटोपती झाली. दुपारची झोप कमी झाली म्हणून रात्रीची लागू लागली. गोळी मी हळूहळू, मात्रा कमी करीत, बंद केली. २६ जुलै २००५ च्या प्रलयात आमच्या भागातही हाहाकार झाला, उल्हास नदी पात्र सोडून आली, वीज गेली, मी रुग्णांसाठी बाहेर अडकलो. रात्री घरी आलो तर आईने सांगितले, चार वाजता मेणबत्तीच्या उजेडात अण्णांनी वाल मागून घेतले होते.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट वेगळीच. अण्णा जेवणाबद्दल कधी बोलत नसत. मीठ कमी पडले तर तेवढे सांगत. बरोबर असले तर गप्प. वाल सोलायला लागून पंधरा दिवस झाले असतील, एके रात्री पानावरून उठताना ते आईला म्हणाले, "एका वाटीला दीड तास जातो ग! तू इतकी वर्षं दहा माणसांचं बिरडं कसं करत होतीस?" आईने उत्तर दिले नाही. ती आत निघून गेली. थोड्या वेळाने पत्नीने मला खुणेने स्वयंपाकघरात बोलावले, तर आई ओट्याशी पाठमोरी उभी राहून डोळे पुसत होती. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात तिच्या श्रमांचा हिशेब प्रथमच कोणीतरी मांडला होता.

कृतज्ञतेविषयी हल्ली पुष्कळ बोलले जाते. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही लोकांना ज्यांबद्दल कृतज्ञ वाटते अशा गोष्टी नियमाने लिहायला सांगितल्या, काहींना त्रासाच्या गोष्टी. स्नायू व मज्जातंतूंचे विकार असलेल्या रुग्णांच्या गटाने एकवीस दिवस रोज असे लिहिले, तेव्हा कृतज्ञतेच्या नोंदी करणाऱ्यांचे मन अधिक प्रसन्न राहिले आणि त्यांनी झोपही सुधारल्याचे सांगितले. अभ्यास चांगला आहे. मीही तो वाचून उत्साहाने एका वृद्ध बाईंना सल्ला दिला होता की, रोज रात्री वहीत तीन चांगल्या गोष्टी लिहा. त्यांचे यजमान जाऊन दोन महिने झाले होते. त्या माझ्याकडे शांतपणे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, माझं चांगलं काय झालंय ते तुम्हीच लिहून द्या. मी रोज वाचीन."

त्या दिवशी मला दोन गोष्टी उमगल्या. एक वैद्यकीय. सतत दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास असेल, भूक मरली असेल, पहाटे अवेळी जाग येऊन पुन्हा डोळा लागत नसेल, "मी तुमच्यावर ओझं आहे" असे शब्द वारंवार येत असतील, तर तो कृतघ्नपणा नव्हे आणि आळसही नव्हे. तो नैराश्याचा आजार असू शकतो आणि त्यावर औषधोपचार आहेत. त्या बाईंना ते उपचार लागले आणि त्यांचा उपयोगही झाला. थायरॉइड मंदावणे, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, ऐकू कमी येणे, अंगात मुरलेले दुखणे, हेही तपासून घ्यावे लागते. आणि मरण्याविषयीचे बोलणे कधीही थट्टेवारी नेऊ नये. त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे.

दुसरी गोष्ट अशी की, कृतज्ञता कोणाकडून मागता येत नाही. "एवढं सगळं मिळतंय, आणखी काय हवं?" असे मुले आईवडिलांना म्हणतात तेव्हा ती वसुली असते. आपल्या मराठी घरांत तोंडावर आभार मानण्याची रीतही नाही. मानले तर परके वाटते. अण्णांच्या मनात ती भावना आली ती हाताला वालांची साले लागल्यावर. दुसऱ्याच्या श्रमाचे वजन स्वतःच्या बोटांना कळल्यावाचून ती येत नसावी, असे मला आता वाटते. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या निवृत्त पुरुषांना मी वही आणायला सांगण्याआधी विचारतो, "घरातलं कोणतं काम तुमच्या नावावर आहे?" बहुतेकांना उत्तर देता येत नाही. शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी मात्र हसतात. नवरा निवृत्त होतो तेव्हा बायकोच्या कामात एक पाळी वाढते. सकाळी आठला रिकामे होणारे घर दिवसभर चहा मागू लागते. तिला निवृत्तीची तारीख कोणी दिलेलीच नसते.

येथे मला माझ्याच म्हणण्याला मुरड घालायला हवी. आसपासच्या वाड्यांवरून सत्तरी ओलांडलेल्या ठाकूर, कातकरी बाया माझ्याकडे येतात. डोक्यावर मोळी, नाहीतर करवंदांची पाटी. त्यांना मी दिनक्रमाचे महत्त्व सांगू लागलो तर त्या हसतील, आणि त्यांचे हसणे योग्यच असेल. पेन्शन नाही, रजा नाही, गुडघ्यांची झीज झालेली. त्यांना मी विश्रांती लिहून देतो, आणि ती मिळणार नाही हेही मला माहीत असते. हा लेख ज्यांच्या वाट्याला स्वस्थ बसण्याचे भाग्य आले आहे आणि ते ज्यांना सोसत नाही, त्यांच्यासाठी आहे. अण्णासाहेब कर्व्यांचे उदाहरण अशा वेळी दिले जाते. फर्ग्युसनमधून ते १९१४ मध्ये निवृत्त झाले, १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ काढले, आणि १९३६ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी संस्था सुरू केली. १०४ वर्षे जगले. पण ते उदाहरण ऐकून सामान्य माणूस दबतो. त्याला विद्यापीठ काढायचे नसते. त्याला चार वाजता कोठेतरी जायचे असते.

ज्यांच्या घरी विसराळूपणाचा आजार झालेले आईवडील आहेत, त्यांना दिनक्रमाचा अर्थ अधिक खोल कळतो. जिचे वर्तमान निसटत चालले आहे अशा व्यक्तीला ओळखीचा क्रम हाच आधार असतो. आंघोळ त्याच वेळी, त्याच बादलीने, त्याच माणसाकडून. अशा रुग्णांची अस्वस्थता पुष्कळदा दिवस मावळताना वाढते, तेव्हा अंधार पडण्याआधीच दिवे लावावेत, घरातला गलबला कमी करावा आणि "आत्ताच सांगितलं ना!" हे वाक्य गिळावे. गिळणे कठीण आहे, मला कल्पना आहे. म्हणूनच सांभाळणाऱ्याच्या दिवसातही एक तास असा हवा की ज्यावर रुग्णाचा हक्क नाही, आणि तो तास घरातल्या दुसऱ्या कोणीतरी भरून काढायला हवा.

इतरांसाठी मी सांगतो ते साधेच. सकाळी अर्धा तास उजेडात असावे. चालता येत नसेल तर खुर्ची अंगणात नाहीतर खिडकीशी ठेवावी. दुपारची झोप अर्ध्या तासाची. लघवी वाढविणारी रक्तदाबाची गोळी असेल तर ती सकाळी घेता येते का, हे डॉक्टरांना विचारावे, म्हणजे रात्रीच्या फेऱ्या वाचतात. रात्री उठताना आधी अंथरुणात बसावे, मग पाय खाली सोडून क्षणभर थांबावे, मग उभे राहावे. वाटेवर मंद दिवा असावा. पूर्वीपासून चालू असलेली झोपेची गोळी मात्र हा लेख वाचून एकदम बंद करू नये. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळूच सोडायची असते. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवणाची वेळ चुकवू नये. साखर एकाएकी उतरली तर वृद्धांमध्ये ती कधी कधी केवळ भ्रमिष्टपणाच्या रूपाने दिसते, आणि घरचे समजतात की वयामुळे बरळत आहेत.

दिनक्रम पाळता न येण्याचे दिवसही येतात. ताप येतो, गुडघा धरतो, जवळचे माणूस जाते. आमच्याकडे त्याचा धडा रोज डोळ्यांसमोर आहे. १९०७ पासूनची नेरळ-माथेरानची छोटी गाडी पावसाळ्यात बंद असते. २०१९ च्या पावसात तर मार्गाची इतकी हानी झाली की नेरळहून वर जाणारी गाडी २०२२ च्या ऑक्टोबरात पुन्हा सुरू झाली. पण पावसाळ्यात सारा घाट बंद असला तरी वर अमन लॉज ते माथेरान एवढी लहान फेरी चालते. रुग्णांना मी म्हणतो, आजारपणात एकवीस किलोमीटरचा हट्ट नको, पण लहान फेरी बंद करू नका. दात घासून कपडे बदलायचे आणि ठरल्या वेळी बिछान्यातून उठून खुर्चीत बसायचे, एवढी.

अण्णा २००५ च्या दिवाळीनंतर गेले. शेवटचे आठ दिवस सोडले तर चार वाजताचे काम त्यांनी चुकविले नाही.

आणि ते मंगळवारचे गृहस्थ? त्यांना मी कोणतेही औषध दिले नाही. माझ्या दवाखान्यात सकाळी गर्दी असते आणि वाड्यांवरच्या अनेकांना गोळ्यांच्या पाकिटावरचे वाचता येत नाही. "दोन तास येऊन बसाल का?" असे मी त्यांना विचारले. ते आता रोज नऊला येतात, इस्त्रीच्या कपड्यांत. पाकिटावर सकाळच्या गोळीसाठी सूर्य आणि रात्रीच्या गोळीसाठी चंद्रकोर काढून देतात, आणि समोरच्याकडून दोनदा वदवून घेतात. मला फुकटचा कंपाउंडर मिळाला, अशी माझी पत्नी चेष्टा करते. परवा त्यांना सर्दी झाली म्हणून ते आले नाहीत, तर एक म्हातारी औषध घेऊनही बाकावर बसून राहिली. "चांद काढनारे बाबा कुठं गेले?" असे विचारीत होती.

मी अजून निवृत्त झालेलो नाही. तीन-चार वर्षांनी कामाचे तास कमी करावेत असे मनात आहे. गेल्या रविवारी तयारी म्हणून वालांचे पातेले पुढ्यात घेऊन गॅलरीत बसलो. अर्ध्या तासात मान भरून आली, निम्म्या डाळिंब्या मोडल्या आणि वाटीचा तळही धड झाकला गेला नव्हता. पत्नीने येऊन वाटीत डोकावून पाहिले. म्हणाली, "अण्णांचा हात हलका होता."